औषधांची पिशवी काउंटरवर रिकामी करा

पुढच्या वेळी महिन्याच्या गोळ्या आणायला मेडिकलमध्ये जाल, तेव्हा नुसती चिठ्ठी घेऊन जाऊ नका. घरात जेवढी औषधं आहेत तेवढी एका पिशवीत भरा आणि ती पिशवीच घेऊन जा. बीपी असू दे, शुगर असू दे, थायरॉइड, दमा, हृदय, संधिवात, काहीही असू दे. वर्षानुवर्षं गोळ्या चालू असलेल्या माणसाला मी सगळ्यात आधी हेच सांगते.

मी फलटणला मेडिकल चालवते. बी. फार्म. करून काउंटरमागे उभी राहिले त्याला २२ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत लोकांच्या पिशव्या जड होत गेलेल्या मी पाहिल्या. एकाच घरात बीपी-शुगरचे डॉक्टर वेगळे, गुडघ्याचे वेगळे, डोळ्यांचे वेगळे. प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबरच लिहिलेलं असतं. पण त्या तिन्ही चिठ्ठ्यांमधली औषधं एकत्र येतात ती थेट पेशंटच्या पोटात. त्याआधी ती कुणीतरी एकत्र बघायला हवीत, आणि ते काम फार्मसिस्ट करू शकतो. त्यासाठीच आम्ही शिकलेलो असतो.

पिशवीत काय भरायचं

रोजच्या गोळ्यांचा डबा तर आणाच. पण फ्रिजच्या दारातलं इन्सुलिन, उशीखालचा बाम, प्रवासाच्या बॅगेत राहिलेली अर्धी स्ट्रिप, देवघराच्या ड्रॉवरमधल्या "कधी लागल्या तर" ठेवलेल्या गोळ्या, हेही आणा. वैद्यांच्या पुड्या, टीव्हीवर बघून मागवलेलं गुडघ्याचं तेल, मुलाने परदेशातून पाठवलेली व्हिटॅमिनची बाटली, कारल्या-जांभळाचं चूर्ण, सगळं आणा. डोळ्यांचे ड्रॉप्स तर हमखास राहतात, कारण ते औषध आहे असं लोकांना वाटतच नाही. काचबिंदूसाठी टिमोलॉल नावाचे थेंब देतात. डोळ्यात टाकलेलं ते औषध थोडंफार रक्तात उतरतं आणि दम्याच्या माणसाला त्याने धाप लागू शकते. दम्याच्या डॉक्टरांना ड्रॉप्स माहीत नसतात आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना कुणी दमा सांगितलेला नसतो.

बंद केलेल्या औषधांच्या स्ट्रिपाही त्याच पिशवीत टाका. त्या घरात राहिल्या की कधीतरी पुन्हा चालू होतात.

वेळ मात्र बघून जा. संध्याकाळी सात ते नऊ दवाखाने भरलेले असतात, आमच्याकडे काउंटरवर तीन-तीन रांगा हात पुढे करून उभ्या असतात. त्या वेळी पिशवी उघडली तर मलाही नीट बघता येत नाही. दुपारी दोन ते चार ही शांत वेळ. गेल्यावर आधी विचारा, "फार्मसिस्ट आहेत का?" काउंटरवरची पोरं चलाख असतात, कुठला बॉक्स कुठल्या कप्प्यात आहे हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत असतं, पण औषध समजावून सांगणं हे नोंदणी झालेल्या फार्मसिस्टचं काम आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र दुकानात भिंतीवर लावलेलं असतं. फार्मसी कायदा १९४८चा आहे, आणि २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत पेशंटला औषधाबद्दल समजावून सांगणं हे फार्मसिस्टचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. तेव्हा विचारताना संकोच करू नका.

काचेवर मांडलेल्या स्ट्रिपा

एक अण्णा आहेत, शाळेतून निवृत्त झालेले. खताच्या दुकानातून मिळालेल्या कापडी पिशवीत औषधं घेऊन आले होते. "जरा चक्कर येते हल्ली उठताना, टॉनिक द्या काहीतरी," एवढंच म्हणणं. मी पिशवी काचेवर रिकामी केली आणि नेहमी करते तसं सगळ्या स्ट्रिपा उलट्या केल्या. पुढच्या बाजूचा रंग आणि ब्रँडचं मोठं नाव बघायचं नाही, मागचं मूळ औषधाचं नाव वाचायचं. एकाच औषधाच्या स्ट्रिपा एका रांगेत लावायच्या. अण्णांच्या पिशवीतल्या दोन स्ट्रिपा, एक निळी आणि एक हिरवी, एकाच रांगेत आल्या. दोन्हींत टेल्मिसार्टन ४०. एक इथल्या डॉक्टरांनी दिलेली. दुसरी पुण्याला लेकीकडे असताना तिथल्या डॉक्टरांनी दिलेली. जुनी गोळी बदलून त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची लिहिली होती. अण्णा दोन्ही घेत होते, कारण दोन्हींची नावं वेगळी होती आणि दोन्ही "बीपीचीच" होती. डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, एक बंद झाली. टॉनिक लागलं नाही.

हे तुम्ही घरीही करून बघू शकता. जेवणाच्या टेबलावर किंवा चटईवर स्ट्रिपा उलट्या मांडा आणि मागची नावं वाचा. नावाच्या शेवटी लागलेली शेपटं ओळखायला शिका, फार उपयोगी पडतात. बीपीच्या गोळीच्या नावापुढे "एएम" असेल तर बहुतेक वेळा आत अॅम्लोडिपिन मिसळलेलं असतं. "एच" असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं औषध. शुगरच्या गोळीपुढे "एम" म्हणजे मेटफॉर्मिन. "एम १", "एम २" मधला आकडा सहसा ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या औषधाचा असतो, तेव्हा एम १ संपली म्हणून शेजाऱ्यांची एम २ घेतली तर ते औषध दुप्पट होतं. "एसआर", "एक्सआर", "ईआर" म्हणजे पोटात हळूहळू विरघळणारी गोळी. ती कुटायची, चावायची नाही आणि डॉक्टर-फार्मसिस्टला विचारल्याशिवाय तोडायची नाही, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. मेटफॉर्मिनच्या अशा काही गोळ्यांचं रिकामं टरफल शौचातून जसंच्या तसं पडतं. ते बघून "गोळी लागूच पडत नाही" म्हणून घाबरलेले लोक माझ्याकडे येतात. औषध आत गेलेलं असतं, पडतं ते नुसतं कवच.

सगळ्यात जास्त चुका दवाखान्यातून घरी आल्यावर होतात. हे मी माझ्या वडिलांच्या बाबतीत अनुभवलं आहे. त्यांना हृदयाचा त्रास झाला, स्टेंट बसवला, चार दिवसांनी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर एक कॅप्सूल होती, तिच्यात अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (ही दोन्ही रक्त पातळ ठेवणारी) आणि कोलेस्टेरॉलचं ॲटोर्वास्टॅटिन अशी तीन औषधं एकत्र. घरच्या डब्यात आधीपासून अॅस्पिरिन ७५ आणि ॲटोर्वास्टॅटिनच्या गोळ्या होत्या. "जुन्या गोळ्या बंद करा" असं कार्डावर कुठे लिहिलं नव्हतं, कुणी तोंडीही सांगितलं नाही. आईने जुन्याही चालू ठेवल्या, नव्याही दिल्या. मी तेव्हा फलटणला, ते दोघं गावाकडे. तीन आठवड्यांनी भेटायला गेले तर वडिलांच्या दंडावर काळेनिळे डाग, आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं म्हणाले. डबा उघडला तेव्हा मला कळलं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं आणि नशिबाने तेवढ्यावर निभावलं. तेव्हापासून कुणी डिस्चार्ज कार्ड घेऊन आलं की मी नवीन औषधं काढायच्या आधी विचारते, "घरी आधीच्या कुठल्या गोळ्या आहेत? त्या घेऊन या, मग बघू." लोक कधीकधी चिडतात, की आत्ता दवाखान्यातून दमून आलोय आणि ही परत घरी पाठवते. चिडू द्या. घरी आल्यापासून दोन दिवसांच्या आत जुना डबा आणि नवं कार्ड शेजारी शेजारी ठेवून तपासून घ्याच.

एक पान, एकच

पिशवी तपासून झाली की एका पानावर यादी करा. फार्मसिस्टला लिहायला सांगितलं तरी चालेल, मी तर सगळ्यांना लिहून देते. पानावर मूळ औषधाचं नाव, ताकद, कशासाठी, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, कुणी लिहून दिलं आणि केव्हापासून, एवढं हवं. चिठ्ठीवरचं १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. "ओडी" म्हणजे दिवसातून एकदा, "बीडी" दोनदा, "टीडीएस" तीनदा, "एचएस" झोपताना, "एसओएस" म्हणजे लागेल तेव्हाच. हे "एसओएस" लोक वाचत नाहीत आणि दुखण्याची गोळी महिनोन्महिने रोज घेत राहतात.

एका काकूंसाठी केलेलं पान असं होतं. थायरॉइड, शुगर, बीपी आणि हाडांचा ठिसूळपणा, चारही त्रास.

पहाटे साडेपाच, अनशापोटी: लेव्होथायरॉक्सिन ५०, फक्त पाण्यासोबत. पुढे तासभर चहा नाही.
साडेसात, न्याहारीच्या जरा आधी: ग्लिमेपिराइड १. न्याहारी करणार नसाल तर घ्यायची नाही.
न्याहारीनंतर: मेटफॉर्मिन ५००, टेल्मिसार्टन ४०.
दुपारी जेवणासोबत: कॅल्शियम.
रात्री जेवणानंतर: मेटफॉर्मिन ५००, ॲटोर्वास्टॅटिन १०.
चालत नाही: सल्फाची औषधं (अंगावर पुरळ उठलं होतं).

आधी काकू थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम दोन्ही सकाळी चहाबरोबर घ्यायच्या. वर्षभर डोस वाढत होता आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, काही खाली येत नव्हता. कॅल्शियम आणि लोह दोन्ही थायरॉइडचं औषध आतड्यात अडवतात, त्यांच्यात चार तासांचं अंतर लागतं. वेळा बदलल्या, काकूंनी डॉक्टरांना तसं सांगितलं, पुढच्या तपासणीनंतर डोस वाढवायच्या ऐवजी कमी झाला. ही वेळेची गंमत नाही, पैशाचा आणि तब्येतीचा प्रश्न आहे. तपासणीत आकडा बरा दिसत नाही म्हणून डॉक्टर औषध वाढवतात, आणि खरं कारण चहाच्या कपात असतं.

शेवटच्या ओळीतली ॲलर्जी विसरू नका. आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी असेल तर तिच्यापुढे वार अक्षरात लिहा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा देतात. ती चुकून रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं. मी त्या स्ट्रिपवर लाल पेनाने "फक्त रविवार" लिहून देते आणि घरातल्या दुसऱ्या कुणालातरी सांगूनही ठेवते.

पानाचा फोटो काढून घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा. मुलं पुण्यात किंवा अमेरिकेत असतील आणि तिथून ऑनलाइन औषधं पाठवत असतील तर त्यांना हे पान पाठवलंच पाहिजे. मुलाने पाठवलेला खोका आणि इथून घेतलेल्या स्ट्रिपा असं दुहेरी औषध मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. सगळं एका ठिकाणाहून घ्या. माझ्याकडूनच घ्या असं नाही; जिथून घ्याल तिथे तुमची सगळी औषधं माहीत असलेला एक माणूस असू दे.

स्ट्रिप कशी कापून घ्यायची

महिन्याचं औषध एका दिवशी संपत नाही, कारण एक स्ट्रिप १० गोळ्यांची, दुसरी १५ची, थायरॉइडची बाटली १००ची. मग कुणी दर आठवड्याला एकेक औषध न्यायला येतं, आणि त्या धावपळीत एखादी गोळी चार दिवस बंद राहते. फार्मसिस्टला सांगा, "सगळ्या गोळ्या एकाच तारखेला संपतील अशा द्या." एकदाच थोड्या कमी-जास्त गोळ्या घेऊन हिशोब जुळवला की पुढे दर महिन्याला एकच फेरी. पगाराची किंवा पेन्शनची तारीख धरा आणि पाच दिवसांच्या गोळ्या हातात शिल्लक असतानाच या. मला एखाद्या कंपनीची गोळी मागवायला तेवढा वेळ लागतो. थायरॉइड आणि फिट्सच्या औषधांच्या बाबतीत तर कंपनी शक्यतो बदलूच नये. बदलावी लागली तर डॉक्टरांना कळवावं.

स्ट्रिप कापून घेताना एक बघा. एक्स्पायरी आणि बॅच नंबर स्ट्रिपच्या एका टोकाला छापलेला असतो. दुकानदाराने ते टोक आपल्याकडे ठेवलं तर तुमच्या तुकड्यावर काहीच राहत नाही. घरी गोळ्या काढतानाही उलट्या टोकाकडून काढायला सुरुवात करा, म्हणजे तारीख शेवटपर्यंत राहते.

सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेला डबा चांगला, विसराळूपणाला त्याने खूप मदत होते. पण टेल्मिसार्टन हवेतला ओलावा शोषून घेते, ती घेण्याच्या वेळीच स्ट्रिपमधून काढायची. कोकणात किंवा पावसाळ्यात तर नक्कीच. मी त्या कप्प्यात स्ट्रिपचं कात्रीने कापलेलं एक घर ठेवायला सांगते.

महिन्याच्या शेवटी किती गोळ्या उरल्या ते मला मोकळेपणाने सांगा. ३०पैकी ११ उरल्या असतील तर मी रागावत नाही. मला कारण हवं असतं. रात्रीची गोळी शेतावर पाणी द्यायला जाता म्हणून राहते का? लघवीची गोळी संध्याकाळी घेतल्याने रात्री चार वेळा उठावं लागतं म्हणून टाळता का? ती सकाळी घ्यायची असते, एवढं सांगितल्यावर प्रश्न सुटतो. कोरडा खोकला येतो? रॅमिप्रिल, एनालाप्रिलसारख्या बीपीच्या औषधांनी येतो, डॉक्टर बदलून देतात. घोट्याला सूज? अॅम्लोडिपिनने येऊ शकते. हे त्रास खरे असतात. लोक ते कुणालाच सांगत नाहीत, गुपचूप गोळी बंद करतात आणि डॉक्टरांना "चालू आहे" म्हणतात.

एखादी गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या; पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. शुगर कमी करणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी मात्र जेवण नसेल तर घ्यायची नाही.

पैसे कमी पडत असतील तर

हे सांगायला लोकांना सगळ्यात जड जातं. बाजारात भाजी विकणाऱ्या एक मावशी शुगरच्या गोळ्या दर महिन्याऐवजी दोन महिन्यांनी न्यायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "बरं वाटतंय की." एकदा दुकानात कुणी नव्हतं तेव्हा खुर्ची दिली, पाणी दिलं, तेव्हा बोलल्या. नातवाची फी होती, म्हणून एक दिवसाआड गोळी. पायाला जखम होती, ती दोन महिने भरत नव्हती.

मावशींच्या डॉक्टरांना मी फोन केला. त्यांना हे माहीतच नव्हतं. त्यांनी दोन औषधं एकत्र असलेली महागडी गोळी बंद करून साध्या, स्वस्त गोळ्या लिहून दिल्या, आणि मी त्यातल्या जनऔषधी केंद्रात मिळणाऱ्या कुठल्या ते कागदावर लिहून दिलं. माझ्या दुकानातून जाणारं गिऱ्हाईक होतं ते, तरी दिलं. बीपी आणि शुगरच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात, तिथे नावनोंदणी करून ठेवा. सिटाग्लिप्टिनसारख्या शुगरच्या औषधाचं पेटंट २०२२मध्ये संपल्यावर त्याच्या किमती खूप उतरल्या. त्याआधी महाग म्हणून सोडलेलं औषध आज परवडू शकतं. तेव्हा गोळी अर्धी करण्याआधी, एक दिवसाआड करण्याआधी, "यात स्वस्त काही आहे का?" एवढं एक वाक्य बोला.

न विचारता घ्यायच्या नाहीत अशा काही

बीपीवाल्यांनी आणि किडनीचा त्रास असलेल्यांनी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी बीपी चढतं, आणि टेल्मिसार्टन व लघवीची गोळी यांच्या जोडीला त्या आल्या की किडनीवर ताण येतो. उसाच्या तोडणीत आणि वारीत या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या जातात. सर्दीच्या काही गोळ्यांनीही बीपी वाढतं, काहींनी प्रोस्टेटचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसाची लघवी तुंबते. "कमी सोडियमचं मीठ" म्हणून मिळतं त्यात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्यांनीही अंगातलं पोटॅशियम वाढतं, म्हणून त्या घेणाऱ्यांनी ते विचारूनच वापरावं. अंगदुखी एका दिवसात पळवणारी, नाव-गाव नसलेली पुडी असेल तर तिच्यात स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. ती मला दाखवा, आणि बरेच महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांकडे जा. उलट्या-जुलाब लागले तर शुगरची मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन, बीपीची टेल्मिसार्टन, लघवीची गोळी यांतलं काय थांबवायचं ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

इन्सुलिन आणि पंप

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक दर मिलीलिटरला ४० युनिटच्या असतात आणि पेनमधली कार्ट्रिज १०० युनिटची. बाटलीसाठी लाल टोपणाची ४०ची सिरिंज. नारिंगी टोपणाची १००ची सिरिंज ४०च्या बाटलीत घातली तर मोजमाप पूर्ण चुकतं. सिरिंज घेताना दर वेळी बाटली सोबत आणा, मी दोन्हींवरचा आकडा जुळवूनच देते. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. एकदा गोठलं की टाकून द्यायचं. फ्रिज नसेल तर मातीच्या मडक्यात ठेवतात तेही चालतं: मोठ्या मडक्यात थोडं पाणी किंवा ओली वाळू, त्यात लहान मडकं, लहान मडक्यात प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिन, वर ओलं फडकं, सगळं सावलीत.

दम्याचा पंप कसा घेता ते दुकानात माझ्यासमोर करून दाखवा. पंप दाबणं आणि श्वास आत ओढणं एका वेळी जमत नाही म्हणून बऱ्याच जणांचं औषध घशातच राहतं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला की सोपं होतं. श्वास आत घेऊन दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा. स्टिरॉइडचा पंप असेल तर घेऊन झाल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो.

उपवास आणि वारी

एकादशी, नवरात्र, चातुर्मास. मी कुणाला उपवास सोड म्हणत नाही. उपवासाच्या आठ दिवस आधी या, एवढंच म्हणते, म्हणजे डॉक्टरांना विचारून त्या दिवसांचं वेगळं पान करता येतं. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन नेहमीसारखं घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर एकदम उतरते. दरदरून घाम, हात थरथरणं, धडधड, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं दिसली की लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, दवाखाना गाठायचा.

माउलींची पालखी चांदोबाच्या लिंबाचं रिंगण आणि तरडगावचा मुक्काम करून आमच्या फलटणला येते. त्या रात्री दुकान बंद होत नाही. दर वर्षी शेकडो माणसं येऊन एकच वाक्य म्हणतात, "ताई, बीपीची गोळी द्या, पांढरी, बारीक." पांढऱ्या, बारीक गोळ्या माझ्याकडे पन्नास प्रकारच्या आहेत. नाव नाही, चिठ्ठी नाही, पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये आणि ट्रक पुढे गेलेला. अशा वेळी बीपी मोजून त्यांना वाटेतल्या आरोग्य पथकाकडे पाठवण्यापलीकडे मला काही करता येत नाही.

म्हणून वारीला निघताना पंचवीस दिवसांच्या गोळ्या घ्या आणि दोन भागांत ठेवा: पाच दिवसांच्या कमरेच्या पिशवीत, बाकीच्या ट्रकमधल्या सामानात. रिकाम्या स्ट्रिपचा नाव असलेला तुकडा प्लास्टिकमध्ये घालून टाळ-पताकेसोबत नाही, खिशात ठेवा. यादीच्या पानाची एक प्रत विणेकऱ्यांकडे किंवा दिंडीतल्या ओळखीच्या माणसाकडे द्या. रोज वीस किलोमीटर चालल्याने साखर आपोआप खाली येते, त्यामुळे शुगरचा डोस आणि लघवीची गोळी यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. मागच्या आषाढीत एका दिंडीतल्या बायकांनी आपापल्या पिशवीला आतून कापडी खिसा शिवून त्यात हे पान ठेवलं होतं. रात्री साडेअकराला त्यांच्यातल्या एकीच्या गोळ्या भिजल्या म्हणून त्या आल्या, पान काढून काचेवर ठेवलं, आणि तिला हवं ते औषध मी दोन मिनिटांत देऊ शकले.